चालणारे आधी

मॅडम,

कवठ्याहून तुमचा दहावा करून परत आले आणि चपला न काढताच खुर्चीत बसून राहिले. क्वार्टरच्या खिडकीतून हॉस्पिटलची मागची बाजू दिसते. तिकडं मान वळवायचंही बळ नव्हतं. दहाव्याला माणसं पुष्कळ आली होती. सरपंच बोलले, कारखान्याचे कुणी संचालक बोलले, तुमच्या शाळेतले एक म्हातारे गुरुजी काठी टेकत उठून बोलले. डॉक्टरीणबाईंनी किती बाया मरणाच्या दारातून ओढून आणल्या, हे प्रत्येकानं सांगितलं. ते खरंच आहे. पण तुम्ही शेवटची वर्षं ज्याच्या मागं घालवलीत, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. काढणार तरी कोण? हॉस्पिटलला आग लागली, गॅस सुटला, एकदम पन्नास जखमी दारात आले, तर कुणी कुठं उभं राहायचं याचा आराखडा, ही काही भाषणात सांगायची गोष्ट नव्हे. आणि त्यावरून तुम्ही डॉक्टर आणि मी मेट्रन दोन वर्षं भांडत होतो, हे तर नव्हेच नव्हे.

लांबच्या कुठल्याशा शहरात एक हॉस्पिटल जळालं आणि सगळीकडं फर्मानं सुटली, तिथून हे सुरू झालं. आपल्या ट्रस्टनं पुण्याहून एक सुटाबुटातले गृहस्थ आणले. त्यांनी इंग्रजीतली जाडजूड फाईल टेबलावर ठेवली. तुम्ही ती चष्मा वर सरकवून चाळलीत. त्यात तळघरातलं पार्किंग होतं, आपल्याला तळघरच नाही. त्यात तीन लिफ्ट होत्या, आपल्याकडं एक जिना आणि मागं एक रॅम्प. तुम्ही पुण्यात शिकलात, बाहेरच्यांशी शुद्ध बोलायचात, पण राग आला की थेट कवठ्याची बोली. फाईल मिटून म्हणालात, "ह्यो दुसऱ्याच्या हास्पिटलाचा प्लॅन हाय. त्यांच्याकडं आग लागंल तवा आपण पळू."

ते गेल्यावर मला म्हणालात, "सुनंदा, आपला आपण करू."

त्या दिवसापासून ओपीडी संपली की आपण दोघी फिरायला लागलो. मला वाटलं होतं, आठवडाभरात उत्साह सरेल. तुम्ही मात्र प्रत्येक दार उघडून बघितलंत. आग विझवायचा सिलिंडर लिनेनच्या कपाटामागं सापडला. स्ट्रेचर रॅम्पच्या वळणावर फिरत नाही, अडकतं, हे इतकी वर्षं तिथं काम करून मला ठाऊक नव्हतं, तुम्हालाही नव्हतं. मग चादरीची झोळी करून माणूस उतरवायचा, असं ठरलं. गव्हाचं पोतं झोळीत घालून आपण सगळ्या स्टाफला रॅम्पवरून वर-खाली करायला लावलं. पोतं फुटलं आणि रॅम्पभर गहू सांडले, तेव्हा तुम्ही हसून हसून कठड्याला धरून उभ्या राहिलात. मागच्या फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली वॉचमन पोपटमामांच्या खिशात, म्हणजे बऱ्याचदा त्यांच्या घरी. तुम्ही कुलूपच काढून टाकलंत.

"मॅडम, कुलूप न्हाई तर भटकी कुत्री येत्यात आत," मामा म्हणाले.

"येऊ द्यात. कुत्री हाकलता येत्यात मामा."

वीज गेली तर माईक बंद पडणार, म्हणून गावातल्या शाळेतून पितळी घंटा आणलीत आणि पहिल्या मजल्यावर टांगलीत. ट्रस्टच्या मीटिंगमध्ये एक जण म्हणाले, हॉस्पिटल आहे का देऊळ? घंटा तिथंच राहिली. त्याच मीटिंगला मला उभं ठेवलं होतं. तुम्ही शेजारची खुर्ची ओढलीत आणि नुसतं तिच्याकडं बोट केलंत. मी बसले. त्यानंतर प्रत्येक मीटिंगला माझी खुर्ची असायची. यावर आपण कधी बोललो नाही. दौंडच्या आमच्या वस्तीतून नर्सिंगला गेलेली मी पहिली मुलगी. खुर्ची मिळणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं आणि तुम्ही ते कधी बोलून दाखवलं नाहीत. तुमचे आभार मानायचे राहिले, मॅडम.

भांडण मात्र राहिलं नाही. ते रोज होतं.

हॉस्पिटल रिकामं करायची वेळ आली तर आधी कोण, हा प्रश्न. तुम्ही पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलंत: चालणारे आधी. मग बाळंतिणी आणि बाळं. मग हाडांचे, प्लास्टरमधले. आयसीयू शेवटी. मी म्हटलं, "मॅडम, ज्याला बोटसुद्धा हलवता येत नाही, तो शेवटी? ज्याला पाय आहेत तो आपला आपण जाईल की. हात लागतात ते पडलेल्यालाच ना?"

तुम्ही म्हणालात, आयसीयूतल्या एकाला उतरवायला चार माणसं लागतात, वर श्वासाचा फुगा दाबणारी एक. ती सगळी रॅम्पवर असताना मागं जनरल वॉर्ड उभा राहणार. "चालणारा माणूस घाबरला की चालत न्हाई, पळतो. आन् पळणारा रस्ता आडवतो. मग तुझा आयसीयूवाला बी मधीच आडकला आन् त्ये बी आडकले. चालणारे गेले की त्यांच्याबरोबरचे हात मोकळे व्हत्यात. त्ये हात घिऊन मग आयसीयूकडं जायाचं." आणि आयसीयूचं दार जाड आहे, जिन्यापासून लांब आहे, धूर तिथं सगळ्यांत उशिरा पोचतो, हेही सांगितलंत.

हिशोब तुमचा बरोबर होता. म्हणूनच मला तो सहन व्हायचा नाही. एखादा खोटा हिशोब असता तर खोडून काढला असता. मी पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी यायची: ती माणसं आपल्याकडं बघत असतील. बोलता येत नसलं तरी बघत असतील.

शेवटी एकदा चहा पिताना तुम्ही कप खाली ठेवलात. "पटलं न्हाई तरी चालंल, सुनंदा. पाठ कर."

मी आराखड्यावर सही केली. पाठही केलं.

माझे वडील गेले तेव्हा तुम्ही ओपीडी दुसऱ्यावर सोपवून मला स्वतःच्या गाडीनं दौंडला पोचवलंत. बुद्धविहाराच्या अंगणात माझ्या आईजवळ खाली मांडी घालून बसलात. दोन दिवसांनी पुन्हा मला न्यायला आलात. येताना इनामगावच्या पुढं घोड नदीच्या काठी गाडी थांबवलीत, माझ्यासाठी थर्मासमधून चहा ओतलात. समोर उसाचे फड होते. तुम्ही सांगत होतात, इथं फार जुनं गाव निघालं जमिनीतून, त्या लोकांची लेकरं गेली की ती घरातच, जमिनीखाली पुरायची, लांब न्यायची नाहीत. मी ऐकत होते, नव्हतेही. वडील रेल्वेत होते, गाडीचे गार्ड होते. त्यांचा डबा कायम शेवटचा. गाडी थांबली की सगळे उतरायचे आणि मग आमचे वडील, हे मी तुम्हाला सांगितलं. आणि सांगता सांगता विचारलं, "मॅडम, आयसीयूत तुमची आई असली तर? तरी शेवटी?"

तुम्ही थर्मासचं झाकण घट्ट लावलंत. मग म्हणालात, "तवा कोण आधी ह्ये ठरवायला दारात मी उभी ऱ्हाणार न्हाई. तू ऱ्हा."

एवढंच. गाडी सुरू केलीत. मी मात्र पुढचं विचारलं नाही. दारात कुणी तरी दुसरंच उभं राहील, ही सोय प्रत्येक वेळी असतेच का? हा प्रश्न तेव्हा मनात आला होता. वडिलांचं दुःख ताजं होतं, म्हणून राहू दिला.

मग तुम्ही पडलात. ओपीडीत, चिठ्ठी लिहिता लिहिता. समोरच्या बाईला वाटलं, डॉक्टरीणबाई विचार करताहेत. पेन हातातून घरंगळलं तेव्हा तिनं आरडाओरडा केला. पुण्याला नेलं, मेंदूत रक्तस्राव झाला होता, त्यांनी जमेल ते केलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली, श्वासाला गळ्यातली नळी. तिथून त्यांनी सांगितलं, आता फक्त सेवा. तुमचे भाऊ आप्पा म्हणाले, सेवाच करायची तर तिच्याच हॉस्पिटलात करू. आणि तुम्ही आपल्या आयसीयूत आलात, कोपऱ्यातल्या बेडवर. मी रोज सकाळी तुमचे केस विंचरायची. कधी तुम्ही बघायचात, कधी नुसते डोळे उघडे असायचे. त्यातला फरक मला कळतो, असं मी आप्पांना सांगायची. खरं तर मला तो कळत नव्हता.

त्या सकाळी राउंड चालू होते. जिन्याखालच्या इलेक्ट्रिक पॅनेलमधून आधी वास आला, मग काळा धूर जिन्यातून वर चढायला लागला. दिवे गेले. तुमच्या जागी अजून कुणाची नेमणूक झालेली नव्हती, त्यामुळं आराखड्याप्रमाणं निर्णय माझा. घंटा मी स्वतः वाजवली. आणि रॅम्पच्या दारात जाऊन उभी राहिले, कारण जो ठरवतो त्यानं दार सोडायचं नाही, हेही तुम्हीच ठरवलेलं.

मॅडम, ते चाललं. अगदी तुम्ही म्हणाला होतात तसं चाललं. जनरल वॉर्डातले एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून निघाले. कुणी पळायला लागलं की मी ओरडत होते, "चालत! चालत!" कंपनीतला एक बिहारी कामगार, डोक्याला पट्टी बांधलेला, मागच्यांना सांगत होता, "भैया, धीरे, धक्का मत दो." दाराशी धूर पातळ होता, पण डोळे चुरचुरायला लागले होते.

तेवढ्यात आप्पा आले. ते तुमच्यासाठी बाहेर बाकावर बसलेले असायचे. लोकांना बाजूला सारत आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"सिस्टर, आमच्या ताईला आधी काढा."

"आप्पा, काढणार आहे. सगळ्यांना काढणार आहे."

"आधी म्हणतोय मी! आवो, हास्पिटल तिचंच हाय. तिच्या हातानं उभं ऱ्हायलंय. ह्ये धडधाकट चाललेत आन् ती तिथं पडून ऱ्हाणार व्हय?"

हे सगळं मीच तुम्हाला म्हटलेलं होतं. माझेच शब्द आप्पांच्या तोंडून येत होते. आणि त्यांच्यासमोर तुमची बाजू मांडायला उभी होते मी. मला त्यांना सांगायचं होतं, हे तिनंच ठरवलंय. पण तेवढा वेळ नव्हता, आणि सांगून त्यांना पटलंही नसतं. शेजारून एक म्हातारी भिंतीला चाचपत चालली होती. मी म्हटलं, "आप्पा, ह्या आजींचा हात धरा आणि त्यांना खाली न्या."

त्यांनी माझ्याकडं जे बघितलं, ते मला आता झोपेतही दिसतं. मग त्यांनी माझं मनगट सोडलं, म्हातारीचा हात धरला आणि खाली गेले.

बाळंतिणी गेल्या. प्लास्टरमधले झोळीतून गेले. हात मोकळे झाले, तुम्ही म्हणाला होतात तसे. मग आयसीयूचं दार उघडलं. आतली हवा अजून बरीच स्वच्छ होती. त्यातही आधी कोण, तर दाराजवळचा बेड. तुमचा बेड कोपऱ्यात होता. तुम्ही सगळ्यांत शेवटी बाहेर आलात. आयसीयूची रेश्मा सिस्टर झोळीबरोबर वाकून चालत तुमच्या नळीला लावलेला फुगा दाबत होती. तुम्ही माझ्यासमोरून गेलात. तुमचे डोळे उघडे होते. तुमच्यामागं मी दार ओढून घेतलं आणि मग रॅम्प मी कठड्याला धरून उतरले.

कुणाला ओरखडा आला नाही. आग पॅनेलच्या खोलीबाहेर गेली नाही. ट्रस्टनं पेपरात फोटो दिला, त्यात मी मध्यभागी उभी आहे.

तुम्ही त्यानंतर काही दिवसांनी गेलात. मेंदूत पुन्हा रक्तस्राव झाला. धुराचा त्याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी मला बसवून सांगितलं. छातीचा फोटो मी स्वतः उजेडात धरून बघितला. फुप्फुसं स्वच्छ होती. माझा त्यावर विश्वास आहे. तरी रोज संध्याकाळी घरी आले की मी ती सकाळ पुन्हा पहिल्यापासून चालवते, आणि प्रत्येक वेळी तुम्हाला आधी काढते. मग रॅम्पच्या वळणावर मागचे लोक अडकतात, कुणी तरी पडतं, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. या खेळानं मी पार थकून गेले आहे.

दहाव्याला आप्पा माझ्याशी बोलतील असं वाटलं नव्हतं. पण जेवणं झाल्यावर ते माझ्याशेजारी येऊन बसले. काडीनं मातीत रेघा ओढत होते.

"त्ये सगळं तिनंच लिवलं व्हतं म्हणं?"

"हो आप्पा."

"मला कुणी सांगितलं न्हवतं." पुन्हा रेघा. "त्या म्हातारीला खाली नेताना मी तुम्हाला लई शिव्या दिल्या. मनात."

"द्यायलाच पाहिजे होत्या."

"ती म्हातारी पायाला हात लावून गेली माझ्या. म्हंजी बरोबरच झालं आसंल सगळं." त्यांनी काडी टाकून दिली. "पण सिस्टर, तरी बी ताईला आधी काढायला पायजे व्हती. ती चुकली आसंल लिवताना. तुम्ही कशाला ऐकलं?"

त्यांनी मला पाणी आणून दिलं आणि एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले.

इतकं लिहून मी हे ठेवून दिलं होतं. वाटलं, संपलं. पण मधल्या दिवसांत एक गोष्ट झाली. ती तुम्हाला सांगायला हवी.

तुमच्या जागी आता एक तरुण डॉक्टर आले आहेत. चांगले आहेत, अजून सगळ्यांना अहो-जाहो करतात. ते म्हणाले, सिस्टर, धुरानंतर एकदा पुन्हा सराव घेऊ. आराखड्यात काही बदलायचं असेल तर सुचवा. मला काय सुचवायचं ते सुचेना. मग मी म्हटलं, या वेळी पोतं नको. आयसीयूतला पेशंट मी होईन.

हात पोटावर ठेवून मी तुमच्याच कोपऱ्यातल्या बेडवर झोपले. बोलायचं नाही, हलायचं नाही, असं स्वतःला बजावलं. घंटा झाली. बाहेर पावलं वाजायला लागली, शेकडो वाटावीत इतकी. सगळी माझ्यापासून लांब जाणारी. सराव आहे हे ठाऊक असून मी ती पावलं मोजायला लागले. छतावरच्या पंख्याकडं बघत मी पडले होते आणि मला वाटत होतं, मी तुमच्याशी दोन वर्षं ज्याच्यावरून भांडले ते मला तेव्हा अर्धंसुद्धा माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं.

तेवढ्यात रेश्मा माझ्या कानाशी वाकली. "सिस्टर, जनरल वॉर्ड निघाला. रॅम्पपाशी पोचलेत." थोड्या वेळानं, "आता बाळंतिणी. सगळी बाळं आयांकडंच आहेत." मग, "आता प्लास्टरवाले. त्यांच्यानंतर आपण."

मी नियम मोडला आणि विचारलं, "हे बोलायला तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मॅडमशी पण बोलत होते ना त्या दिवशी."

मी उठूनच बसले. "काय बोलत होतीस?"

"हेच. जनरल वॉर्ड गेला मॅडम, बाळंतिणी गेल्या मॅडम. त्यांनीच तर शिकवलंय सगळं, पुढं कोण ते त्यांना माहीत असणारच. निदान त्यांना कळू दे, कुठपर्यंत आलंय ते."

"आणि त्या?"

"एक वॉर्ड गेला असं सांगितलं की डोळे मिटून उघडायच्या. प्रत्येक वेळी." तिनं माझ्या अंगावरची चादर सारखी केली. "ते हो होतं का उगीच मिटत होते, मला नाही सांगता येणार, सिस्टर. मी तुम्हाला म्हणूनच बोलले नाही. तुम्ही झोपा, प्लास्टरवाले चाललेत."

मी झोपले. ते हो होतं की नव्हतं, मलाही सांगता येणार नाही. तुमच्या डोळ्यांतलं मला कळत नाही, हे मी आधीच लिहिलं आहे. पण त्या खोलीत तुम्ही एकट्या नव्हतात आणि तुमच्या कानावर एकेक वॉर्ड सुखरूप जात होता, एवढं मात्र मला आता नक्की माहीत आहे. नव्या डॉक्टरांना मी एकच ओळ वाढवायला सांगितली: जो शेवटी थांबेल, त्याच्याशी कुणी तरी शेवटपर्यंत बोलत राहावं. क्रम मी बदलला नाही. आप्पांना हे सांगायला एकदा कवठ्याला जाईन. त्यांना पटेल असं नाही.

मग आमची पाळी आली. चौघांनी मला चादरीसकट उचललं. वळणावर माझं कोपर भिंतीला घासलं, कुणी तरी "सॉरी सिस्टर" म्हणालं. झोळीत पडून आभाळ बघायची मला सवय नव्हती. खाली आल्यावर त्यांनी मला लिंबाच्या सावलीत अलगद ठेवलं. लोक टाळ्या वाजवत होते, नवे डॉक्टर फोनवर वेळ बघत होते. मग सगळे आपापल्या कामाला पांगले आणि मी तशीच पडून होते.

पोपटमामा येऊन वाकले. "सिस्टर, झालं की आता. उठा."

"मामा," मी म्हटलं, "जरा पडू द्या. लई दमलीय मी."

ते डोक्यावरची टोपी काढून माझ्याशेजारी जमिनीवर बसले.